नॉर्थ एंडचं गावपण

बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात पॉल रिव्हिअरचं घर आहे. १६८० च्या सुमारास बांधलेलं, लाकडी, काळपट, बारीक काचतुकड्यांच्या खिडक्यांचं. १७७५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश फौज निघाल्याची खबर द्यायला रिव्हिअर रातोरात घोड्यावरून गेला. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना ही गोष्ट पाठ असते, म्हणून घरापुढे कायम गर्दी. माझं लक्ष मात्र त्या घराच्या नंतरच्या आयुष्याकडे जातं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते घर तिमजली होतं. वर भाडेकरू दाटीवाटीने राहायचे. तळमजल्यावर वेगवेगळ्या काळात मिठाईचं दुकान, सिगारचा कारखाना, भाजी-फळांचा व्यापार आणि एक इटालियन बँक होती. म्हणजे अमेरिकन क्रांतीच्या त्या नायकाच्या घरात, नेपल्सच्या बोटीतून उतरलेला मजूर आपल्या आईला पैसे पाठवायला येत असणार.

१९०२ मध्ये घर पाडलं जाऊ नये म्हणून रिव्हिअरच्या पणतूने ते विकत घेतलं. १९०८ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुलं झालं. दुरुस्ती करताना वरचा मजला काढून टाकला, दुकानं गेली, घर पुन्हा सतराव्या शतकात नेऊन बसवलं. ते वाचलं याचा मला आनंदच आहे. पण ज्या वर्षी हे झालं त्या वर्षी दारासमोरच्या चौकात जवळजवळ सगळी वस्ती इटालियन होती, आणि तिच्या खुणा त्याच घरावरून खरवडून काढल्या जात होत्या. शहराने कुठली आठवण विटा-लाकडात जपायची ते ठरवून टाकलं. मग या इटालियन माणसांची आठवण कुठे राहिली? बोस्टनच्या उपनगरात राहायला आल्यापासून नॉर्थ एंडमधून पायी फिरताना मी याच प्रश्नाच्या मागे आहे.

नॉर्थ एंड म्हणजे एक चौरस किलोमीटरपेक्षाही लहान जागा. तीन बाजूंना समुद्र आणि नदीचं मुख. १६३० च्या दशकापासून इथे माणसं सलग राहत आली आहेत. आधी इंग्रज प्युरिटन. पुढे ते सुखवस्तू होऊन बाहेर पडले, आणि १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश लोकांचे लोंढे आले. जॉन केनेडी यांच्या आई रोझ यांचा जन्म १८९० मध्ये इथल्याच गार्डन कोर्ट स्ट्रीटवरचा. मग पूर्व युरोपातले ज्यू आले आणि सेलम स्ट्रीट त्यांच्या दुकानांनी भरून गेला. इटालियनांचे पहिले पाय लागले ते १८६० च्या दशकात, उत्तरेकडच्या जिनोवा बंदरातल्या लोकांचे. खरा पूर आला १८८० नंतर, दक्षिणेकडून.

दक्षिण इटली तेव्हा का रिकामी होत होती? १८६१ मध्ये देश एक झाला, पण दक्षिणेच्या वाट्याला त्यातून आले ते नवे कर आणि सक्तीची लष्करभरती. धान्य दळण्यावरसुद्धा कर बसला होता. जमीन मूठभर जमीनदारांची, कसणारा दुसराच. मलेरिया होता, द्राक्षवेलींवर कीड पडली होती, अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात आल्याने धान्याचे भाव पडले होते. वाफेच्या जहाजाचं तिकीट कर्ज काढून का होईना, आवाक्यात आलं होतं. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांच्या आसपास इटालियन अमेरिकेत आले. बरेचसे एकटे पुरुष, चार पैसे गाठीला बांधून परतायचं या हिशेबाने आलेले, आणि पुष्कळ जण खरोखर परतलेही. त्यांना काम लावून देणारा मुकादम त्यांच्याच मुलखातला असायचा, तो त्यांचं भाषांतरही करायचा आणि त्यांच्या मजुरीतून वाटाही काढायचा. जे राहिले त्यांनी बायकापोरं आणली. १९३० च्या आसपास या चिमुकल्या जागेत ४० हजारांहून अधिक माणसं राहत होती.

हॅनोव्हर स्ट्रीटला लागून एक फरसबंद मोकळी जागा आहे, रिव्हिअरचा घोड्यावरचा पुतळा असलेली. नकाशावर तिचं नाव वेगळं, इथले जुने लोक तिला 'प्राडो' म्हणतात. तिथल्या बाकावर एका म्हाताऱ्या गृहस्थांशी माझी ओळख झाली. जन्म इथला, आता मुलाकडे मेडफर्डला राहतात, ऑरेंज लाइन मेट्रोने येतात, दुपारभर बसतात. मी त्यांना विचारलं, "तुमचे आजोबा इटलीतून आले का?" त्यांनी मान हलवली. "आजोबा शाक्काहून आले. आपण इटालियन आहोत हे त्यांना इथे आल्यावर लोकांनी सांगितलं."

शाक्का हे सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. तिथले लोक नॉर्थ स्ट्रीटच्या बाजूला, धक्क्याजवळ राहायचे. आव्हेलिनोच्या डोंगराकडचे वेगळ्या गल्ल्यांत, आब्रुझ्झीकडचे आणखी कुठे. एका गल्लीची बोली दुसरीत धड कळायची नाही. जिनोवाच्या माणसाला सिसिलीचा माणूस परकाच वाटायचा, आणि मुलगी दुसऱ्या गावच्या घरात द्यायची म्हणजे घरात चार दिवस अबोला. बाहेरच्या अमेरिकनाला हे काही दिसत नव्हतं. त्याच्या लेखी सगळे एकच, काळे केस, लसणाचा वास, मोठ्याने बोलणं. हा बाहेरचा शिक्का आणि आतले गावोगावचे भेद, या दोन्हींमधून हळूहळू 'इटालियन' नावाची एक जमात तयार झाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या वस्तीकडे मागच्या देशाचा आयता तुकडा म्हणून पाहिलं तर ती कळतच नाही. ती इथेच घडली.

घडवली कोणी? माझ्या मते सोसायट्यांनी. गावाच्या नावाने किंवा गावच्या संताच्या नावाने एक मंडळ काढायचं, दर महिन्याला वर्गणी द्यायची, कोणी आजारी पडलं की त्यातून घरखर्चाला पैसे, कोणी गेलं की अंत्यसंस्काराचा खर्च आणि खांदा द्यायला माणसं. विमा नव्हता, सरकारी मदत नव्हती, बँक दारात उभं करत नव्हती. बांधकामावरून पडलेल्या मजुराच्या विधवेला पहिला आधार मिळायचा तो या वर्गणीचा.

देवळंही अशीच उभी राहिली. सेंट लिओनार्ड चर्चची स्थापना १८७३ ची, न्यू इंग्लंडमधलं इटालियन स्थलांतरितांनी बांधलेलं हे पहिलं चर्च. पुढे जिनोवाच्या काही मंडळींनी सान मार्को नावाची सोसायटी काढली आणि १८८० च्या दशकात नॉर्थ स्क्वेअरमधलं खलाशांचं जुनं प्रार्थनाघर विकत घेतलं. पुरोहितांना न विचारता सामान्य माणसांनी चर्च विकत घेतलंय, हे आर्चबिशपना पसंत पडलं नाही. काही वर्षं घोळ चालला, शेवटी मान्यता मिळाली. ते सेक्रेड हार्ट चर्च रिव्हिअरच्या घरासमोरच आहे. घर पाहायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.

शाक्काच्या मच्छीमारांनी १९१० मध्ये आपल्या मातेचा उत्सव इथे सुरू केला. मादोन्ना देल सोक्कोर्सो, म्हणजे संकटात धावून येणारी माता. तिने शाक्काला प्लेगमधून वाचवलं अशी श्रद्धा. ऑगस्टच्या मध्यावर तिची मूर्ती खांद्यावरून गल्लोगल्ली फिरते, दारोदारी थांबते, लोक तिच्या फितींना डॉलरच्या नोटा टाचतात. रविवारी रात्री शेवटी देवदूताचं उड्डाण होतं. पांढऱ्या झग्यातली, पंख लावलेली एक लहान मुलगी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोराला लटकून रस्त्यावर अधांतरी येते आणि मातेला उद्देशून इटालियनमध्ये प्रार्थना म्हणते. कप्पीचा दोर ओढणारे हात तिच्याच काका-मामांचे असतात. खाली हजारो माणसं, आणि ती बोलायला लागली की सगळी गप्प. माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई ओठांनी पूर्ण प्रार्थना म्हणत होती. लहानपणी तीही उडाली होती, असं तिने नंतर सांगितलं.

आव्हेलिनोजवळच्या मोंतेफाल्चोने गावच्या लोकांनी १९१९ मध्ये सेंट अँथनीचा उत्सव सुरू केला. तेच वर्ष या वस्तीच्या सगळ्यात भयंकर दुपारचंही आहे.

कमर्शियल स्ट्रीटवर, पाण्याच्या कडेला, १९१५ मध्ये एका कंपनीने उसाच्या मळीची प्रचंड टाकी उभी केली होती. ५० फूट उंच. मळीपासून औद्योगिक अल्कोहोल व्हायचं, ते पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी लागायचं, म्हणून सगळी घाई. पूर्ण पाणी भरून टाकीची चाचणीही घेतली नव्हती. टाकी पहिल्यापासून झिरपत होती. वस्तीतली पोरं डबे घेऊन ती मळी गोळा करायला यायची. कंपनीने टाकीला तपकिरी रंग लावला, गळती दिसू नये म्हणून. १५ जानेवारी १९१९ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास टाकी फुटली. सुमारे २३ लाख गॅलन मळी. तिची लाट जवळपास २५ फूट उंच होती आणि ताशी ३५ मैलांच्या वेगाने आली असा अंदाज आहे. वरून जाणाऱ्या रेल्वेचे पोलादी खांब वाकले, अग्निशमन केंद्र पायापासून सरकलं, घोडे जागच्या जागी रुतून मेले. २१ माणसं गेली, सुमारे १५० जखमी झाली. मेलेल्यांत मजूर होते, गाडीवान होते, लाकूड गोळा करायला गेलेली दहा वर्षांची मुलं होती. आयरिश आणि इटालियन.

कंपनीने सांगितलं की टाकी अराजकवाद्यांनी बाँब लावून उडवली. तेव्हा अराजकवादी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इटालियन यायचा, त्यामुळे हा आरोप चिकटायला सोपा होता. वस्तीतल्या पुष्कळांकडे नागरिकत्व नव्हतं, मत नव्हतं. टाकी त्यांच्या घरांना खेटून उभी राहिली तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि विचारायची गरजही कोणाला वाटली नव्हती. तरीही शंभराहून अधिक दावेदार कोर्टात गेले, सुनावणी वर्षानुवर्षं चालली, आणि १९२५ मध्ये ह्यू ऑग्डेन या अधिकाऱ्याने निकाल दिला की बाँब वगैरे काही नव्हतं, टाकीच कमकुवत होती. कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागली. आज तिथे मैदान आहे, म्हातारे लोक बोची हा चेंडूंचा इटालियन खेळ खेळतात, आणि एक लहानशी पाटी आहे. पाटी शोधावी लागते. इंटरनेटवर ही घटना गमतीदार किस्सा म्हणून फिरते, लोक मळीच्या लाटेवर विनोद करतात. मला तिथे उभं राहून कधी हसू आलेलं नाही.

अराजकवादी या शिक्क्याची दुसरी गोष्ट जगाला ठाऊक आहे. निकोला साक्को चांभारकाम करणारा, बार्तोलोमेओ वान्झेत्ती मासे विकणारा. १९२० मध्ये ब्रेनट्रीला पगाराची लूट करताना झालेल्या दोन खुनांसाठी त्यांना पकडलं, पुढच्या वर्षी दोषी ठरवलं, आणि २३ ऑगस्ट १९२७ ला विजेच्या खुर्चीत बसवलं. दोघंही नॉर्थ एंडचे रहिवासी नव्हते, पण त्यांच्या बचाव समितीची कचेरी हॅनोव्हर स्ट्रीटवर होती. अंत्ययात्राही तिथूनच निघाली. पावसात हजारो माणसं दंडाला लाल फिती बांधून चालत होती, पोलीस लाठ्या घेऊन बाजूने. खटला त्यांच्या कृत्याचा होता की ते कोण होते याचा, हा वाद अजून मिटलेला नाही. पण ५० वर्षांनी, १९७७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकल डुकाकिस यांनी जाहीरनामा काढून सांगितलं की खटला न्याय्य झाला नव्हता आणि त्यांच्या नावावरचा कलंक पुसला जावा.

हे सगळं ज्या हवेत घडत होतं ती हवाही बोस्टनचीच. स्थलांतर रोखा म्हणणारी इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग १८९४ मध्ये याच शहरात निघाली, हार्वर्डमधून बाहेर पडलेल्या तरुण पदवीधरांनी काढली. सुशिक्षित, सभ्य, आकडेवारी मांडून बोलणारी माणसं. त्यांची तीस वर्षांची खटपट १९२४ च्या कायद्यात फळाला आली. महायुद्धाआधी वर्षाला दोन लाखांहून अधिक इटालियन येत होते, कायद्यानंतर वर्षाचा कोटा चार हजारांच्याही खाली आला. व्हिसाच्या रांगेत वर्षं घालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा थोडा वेळ मनात धरून ठेवावा.

पुढे डिसेंबर १९४१ मध्ये इटली शत्रूराष्ट्र झालं आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन एका दिवसात 'शत्रू परकीय' ठरले. मच्छीमारांना बोटी बाहेर काढायला बंदी आली. काहींचे मुलगे तेव्हा अमेरिकेच्याच सैन्यात होते. बंदी उठली ऑक्टोबर १९४२ मध्ये, कोलंबस दिनाला.

खाण्याविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण नॉर्थ एंडबद्दल लिहिणारे बहुतेक लोक कनोली या इटालियन मिठाईपासून सुरू करतात आणि कनोलीवर संपवतात. प्रिन्स स्ट्रीटवर १९१२ मध्ये तीन सिसिलियन स्थलांतरितांनी शेवयांचा, म्हणजे पास्त्याचा कारखाना काढला. रस्त्याचं नाव प्रिन्स, म्हणून कंपनीचं नावही प्रिन्स. १९६९ मध्ये तिची टीव्हीवरची जाहिरात निघाली: खिडकीतून आई "अँथनी!" अशी हाक मारते आणि एक मुलगा याच गल्ल्यांतून पळत घरी जेवायला येतो. ती जाहिरात वर्षानुवर्षं चालली. अमेरिकेने या वस्तीवर प्रेम केलं ते बहुधा त्या पळणाऱ्या मुलापासून. त्याआधी दशकभर तिला झोपडपट्टी म्हणून पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या.

शेजारचा वेस्ट एंड खरोखरच पाडला. १९५८ ते १९६० या काळात सुमारे २,७०० कुटुंबं हलवली, त्यांतली पुष्कळ इटालियन, आणि तिथे श्रीमंतांसाठी उंच इमारती उभ्या केल्या. नॉर्थ एंडच्या तोंडाशी उड्डाणपुलावरचा महामार्ग आला आणि वस्ती शहरापासून तोडली गेली. शहर नियोजनावर लिहिणाऱ्या जेन जेकब्स १९५९ मध्ये इथे आल्या तेव्हा त्यांना अगदी वेगळं चित्र दिसलं. घरं रंगवलेली, दुरुस्त केलेली, रस्त्यावर रात्रीही माणसं. बँका तर या भागाला कर्जच देत नव्हत्या. मग पैसा कुठून आला? गवंडीकाम करणाऱ्याने सुताराच्या घराची भिंत बांधून दिली, सुताराने त्याचा जिना केला. सोसायट्यांमध्ये जी सवय लागली होती तीच इथे विटा लावत होती. मला वाटतं, नॉर्थ एंड वाचला तो याच्यामुळे.

महामार्गही पुढे गेला. 'बिग डिग' या प्रचंड आणि प्रचंड खर्चिक प्रकल्पात तो जमिनीखाली नेला आणि २००८ मध्ये वर बाग झाली, नाव रोझ केनेडी यांचं. पन्नास वर्षांनी वस्ती शहराला पुन्हा जोडली गेली. पण जोडली गेली तशी भाडीही चढली. आज इथे दहा हजारांच्या आसपास माणसं राहतात, त्यांत इटालियन वंशाचे थोडे. बाकीचे मेडफर्ड, रेव्हिअर, सॉगस, जिकडेतिकडे विखुरलेत. तरुण डॉक्टर, वकील, विद्यार्थी घरांत आलेत. खालच्या मजल्यावर एकापुढे एक रेस्टॉरंटं.

म्हणून पुष्कळ जण म्हणतात की आता हा नुसता देखावा उरला आहे. मला हे पटत नाही. गिरगावातल्या चाळींतली कुटुंबं डोंबिवली, बोरिवली, विरारला गेली तरी गणपतीच्या दहा दिवसांत लोकलने येऊन मंडपात पहाटेपर्यंत राबतात. त्यांना आपण पाहुणे म्हणत नाही. नॉर्थ एंडचंही तसंच आहे. सेंट अँथनीच्या उत्सवाला २०१९ मध्ये शंभर वर्षं झाली, आणि तो चालवणारी माणसं उपनगरांतूनच येतात. रजा टाकतात, तंबू ठोकतात, हिशेब लिहितात. मूर्तीपुढे वाजवणाऱ्या बँडला पाणी देणारा पोरगा चौथ्या पिढीचा असतो, इटालियनचे चार शब्दही धड येत नाहीत त्याला, पण मिरवणूक कुठल्या दारापाशी का थांबायची हे त्याला माहीत असतं. या दारातली आजी वारली, त्या दारातल्या माणसाने पन्नास वर्षं वर्गणी दिली, इथे थांबायचं. संग्रहालयात न मावलेली वस्तीची नोंदवही त्या पोराच्या डोक्यात आहे.

प्राडोवरच्या त्या गृहस्थांना मी विचारलं होतं, तुमच्यानंतर कोण येईल. त्यांनी नातीचं वय सांगितलं आणि म्हणाले, "ती आत्तापासून दोर धरते."

बोस्टनला कोणी नातेवाईक आले की आपण त्यांना हार्वर्ड दाखवतो, व्हेल पाहायला नेतो, संध्याकाळी नॉर्थ एंडमध्ये जेवायला नेतो. पुढच्या वेळी ऑगस्टचा शेवटचा रविवार साधा. संध्याकाळी नको, तेव्हा सॉसेजच्या गाड्यांपुढे पाय ठेवायला जागा नसते. दुपारी बाराला एंडिकॉट स्ट्रीटवर या, तेव्हा सेंट अँथनीची मिरवणूक निघते. ती रात्री दहाच्या सुमारास परतते. सगळी पाहायची गरज नाही, तासभर मूर्तीच्या मागे चाला. एखाद्या अरुंद गल्लीत ती एका साध्या दाराशी थांबेल, बँड वाजेल, वरच्या खिडकीतून कोणीतरी नोटांची माळ खाली सोडेल. शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला विचारा, हे घर कोणाचं. तो नीट, सावकाश, तीन पिढ्यांपासून सांगायला सुरुवात करेल, मिरवणूक पुढे गेली तरी.